बायकोच्या मागून तिरल्यापर्यंत

देवासहून धारला जाण्याला प्रवास म्हणायचं धाडस आमच्या घरात आजवर कोणी केलेलं नाही. आमची आत्या धारला दिलेली, त्यामुळे मुंजी, बारशी आणि आत्याच्या गुडघ्यांची चौकशी एवढ्यासाठी आम्ही वर्षातून चार वेळा तिकडे जाऊन येतो. गाडीत बसायचं, इंदूरच्या बायपासवर एकदा वैतागायचं, घाटाबिल्लोदला चहा प्यायचा की धार आलंच. यात लिहिण्यासारखं काय? पण या जानेवारीत तोच रस्ता मी एका रविवारी सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत भोगला, आणि घरी परतलो तेव्हा एवढा हबकलेला होतो की लिहून काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पुण्या-मुंबईच्या वाचकांनी धार पाहिलं नसेल तर जरूर पाहावं. फक्त माझ्यासारखं पाहू नये.

माझं देवासला चष्म्यांचं दुकान आहे. लोकांना लांबचं आणि जवळचं दाखवणं हा माझा धंदा. स्वतःच्या घरातलं मला काही दिसत नाही, ही गोष्ट आता गल्लीत सगळ्यांना कळली असल्यामुळे लपवण्यात अर्थ नाही.

अनघा, माझी बायको, बँकेत आहे. आमची सई नऊ वर्षांची. सकाळी तीन डबे, सईची वेणी, शाळेची बस, माझ्या आईच्या गोळ्या, आणि साडेनऊला बँक, असा अनघाचा दिवस. गेल्या दसऱ्यापासून ती पहाटे साडेचारला उठून टेकडीवर देवीच्या दर्शनाला जाऊ लागली होती. मी तेव्हा गाढ झोपेत असे, पण अभिमान मात्र मी जागेपणी बाळगला. दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचो, "आमच्या मिसेस रोज टेकडी चढतात. थंडी असो, काही असो."

पौषात एकदा मीच टेकडीवर गेलो. पायथ्याशी फुलवाली म्हणाली, "भाभीजी ठीक तो हैं ना भिया? दशहरे के बाद दिखी ही नहीं."

मी तिथेच पायरीवर बसलो. देवळात गेलोच नाही. देवीला काय सांगणार होतो?

घरी आलो तर अनघा जिन्याखाली वाकून काहीतरी करत होती. त्या जिन्याखाली ताडपत्रीत गुंडाळलेली तिची जुनी सायकल होती. लग्नाआधी ती इंदूरच्या सायकलवाल्यांबरोबर लांब लांब जायची, तेव्हाची. सई झाल्यावर सायकल जिन्याखाली गेली ती गेली, असं मी धरून चाललो होतो. त्या ताडपत्रीच्या टोकावर मी रोज माझी पिशवी अडकवायचो. ती पिशवी दसऱ्यापासून रोज सकाळी खिळ्यावर सापडायची. तीन महिने. मला एकदाही प्रश्न पडला नाही.

"केव्हापासून?" मी विचारलं.

"दसऱ्यापासून. भोपाळ रोडला जाते. पहिल्या दिवशी आठ किलोमीटरमध्ये रडले."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मदत केली असतीस."

हे वाक्य ती इतक्या शांतपणे बोलली की मला ते चांगलं वाटलं. त्याचा अर्थ लागायला मला धारपर्यंत जावं लागलं.

संक्रांतीनंतरच्या दुसऱ्या रविवारी इथल्या सायकलवाल्यांनी दोनशे किलोमीटरची फेरी ठेवली होती. देवासहून निघायचं, धारच्या बाजूला जायचं, परत यायचं. शर्यत नव्हे. कोणाला हरवायचं नसतं, फक्त साडेतेरा तासांच्या आत परतायचं आणि हातातल्या कार्डावर शिक्के आणायचे. सकाळी सहाला सुटून संध्याकाळी साडेसातच्या आत. हौशी लोकांचं खेळणं आहे, पण नियम कडक.

अनघाने असली फेरी एकदा केली होती. म्हणजे केली नव्हती. सई दहा महिन्यांची असताना ती निघाली आणि इंदूरच्या पुढे बेटमा गावाजवळ पोचली, तेव्हा मी फोन केला. सईला ताप आहे म्हणालो. तिने सायकल एका टेम्पोत टाकली आणि ती घरी आली. त्यानंतर ती सायकल ताडपत्रीत गेली.

आता वाचकहो, तुम्ही अनोळखी आहात म्हणून सांगतो. सईला ताप नव्हता. ती रडत होती, बाटली घेत नव्हती, आणि मी घाबरलो होतो. हे मी नऊ वर्षांत कोणालाही सांगितलेलं नव्हतं.

म्हणूनच या खेपेला आपण तिच्या पाठीशी डोंगरासारखं उभं राहायचं, असं मी ठरवलं. आयोजकांचा हिंदीतला कागद फ्रिजवर चिकटवलेला होता. त्याचा वरचा अर्धा भाग मी वाचला. खालच्या अर्ध्या भागावर भाजीची यादी आली होती.

देवास, पहाट

बायपासजवळच्या एका ढाब्याच्या अंगणात अठरा-वीस सायकली आणि तेवढीच कुडकुडणारी माणसं. अनघा गाडीतून उतरली आणि तिने अंगावरची शाल काढून माझ्याकडे दिली. आत काळी घट्ट चड्डी, पिवळा अंगाबरोबरचा सदरा, डोक्यावर शिरस्त्राण. सोळा वर्षांच्या संसारात, अगदी त्या मागच्या फेरीलासुद्धा, मी तिला साडी, सलवार आणि गाऊन यांच्यापलीकडे पाहिलेलं नव्हतं. घरून निघताना शालीखालून हे दिसलं तर आई काय म्हणेल याची मला धडकी भरली होती. आई म्हणाली, "अगं, कानाला काही बांध. वारं लागेल." बस. मी चार दिवस ज्या भांडणाची तयारी केली होती ते झालंच नाही.

फेरीचे प्रमुख चौहान सर, शाळेतून निवृत्त झालेले खेळाचे मास्तर. त्यांनी शिट्टी फुंकून नियम वाचायला सुरुवात केली. मी तेव्हा अनघाचे फोटो काढत होतो. नियमांच्या मध्यावर सईला नेमकी शू लागली. परत आलो तेव्हा चौहान सर "समझ गए सब?" असं विचारत होते. सगळ्यांबरोबर मीही हात वर केला.

सहा वाजता त्या सगळ्यांचे मागचे लाल दिवे रांगेने रस्त्याला लागले आणि मी "सावकाश गं!" म्हणेपर्यंत अंधारात दिसेनासे झाले.

बेटमा

आम्ही घरी जाऊन आंघोळी केल्या, गाडी भरली. पाण्याच्या बारा बाटल्या, दोन डझन केळी, मेथीचे ठेपले, दोन छत्र्या, पायाने दाबायचा मोठा पंप, आईने दिलेली सुंठ आणि सतरंजी. आठला निघालो. माझा अंदाज असा की अनघा बायपासच्या पहिल्या पुलाखाली धापा टाकत बसलेली सापडेल.

पहिल्या पुलाखाली नव्हती. दुसऱ्याखाली नव्हती. बायपास संपत आला तरी नव्हती. मी गाडी बाजूला घेतली. एका चहावाल्याला विचारलं, "इधर से कोई साइकल वाली मैडम…?"

"पीली बुशर्ट? वो तो कब की निकल लीं भिया," तो म्हणाला, आणि मी तिच्या मागे राहिल्याबद्दल त्याने कीव केल्यासारखं माझ्याकडे बघितलं.

बेटम्याच्या अलीकडे ती दिसली. दोन्ही बाजूंना गहू गुडघाभर वाढलेला, मधूनमधून हरभरा, लसणाच्या वाफ्यांचा वास, आणि त्यातून एक पिवळा ठिपका एका लयीत पुढे चाललेला. पाठ सपाट, कोपरं आत, पाय घड्याळासारखे. गाडी जवळ गेली तशी सई काचेला नाक लावून म्हणाली, "पप्पा, ये मम्मी है? आपली?"

मला खात्री देता येईना. या बाईला मी वेणी घालताना पाहिलंय, कणीक मळताना पाहिलंय, बँकेच्या ऑडिटच्या आठवड्यात कपाळ दाबून बसलेलं पाहिलंय. ही कोण होती ते मला माहीत नव्हतं. मी हॉर्न वाजवला. तिने मान न वळवता डावा हात थोडा खाली करून 'पुढे जा' अशी खूण केली, जशी ती ट्रकवाल्यांना करत असावी.

बेटम्याला आम्ही पोहे-जिलबी खाल्ली. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी सांगायला हवं की आमच्याकडे पोहे कढईत परतून थांबत नाहीत. ते वाफेवर ठेवतात, वरून शेव, कांदा आणि जिरावन नावाचा मसाला पडतो, आणि शेजारी जिलबी असणं हा पोह्यांचा हक्क मानला जातो. पुण्याच्या माझ्या मावसभावाला हे पटत नाही. तो गोड वेगळं खातो आणि मग आमच्या माळव्यात येऊन आजारी पडतो. मी दुसरी प्लेट मागवली तोवर रस्त्यावरून पिवळा ठिपका निघून गेला. तिने पोह्यांकडे पाहिलंही नाही. याच चौकातून नऊ वर्षांपूर्वी ती टेम्पोत बसली होती. मला जिलबी एकदम नको झाली. तरी संपवली.

धार

आता माझी मुख्य कर्तबगारी.

अनघा फोनवर सगळ्यांना सांगत होती, "धारपर्यंत जाऊन यायचं." त्यावरून शिक्क्याची चौकी धारला आहे हे मी ताडलं. चौकीवर घरच्यांनी खायला-प्यायला दिलं तर चालतं, एवढं मी कागदाच्या वरच्या अर्ध्या भागात वाचलं होतं. आणि धारला आपली हक्काची आत्या! मी तिला चार दिवस आधीच फोन करून ठेवला होता.

आत्या अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. सासरकडे धार दरबारातली जुनी कारकुनी, त्यामुळे तिचं मराठी अजून दरबारातच आहे. धारच्या नाक्यावर आम्ही पोचलो तेव्हा ती रिक्षातून उतरून, ठेवणीतलं माहेश्वरी नेसून, घडीच्या खुर्चीवर बसली होती. पुढे स्टुलावर करंडा, अत्तरदाणी, तिळाचे लाडू, तांदूळ, खण, नारळ आणि एक स्टीलची डबी मांडलेली. मागून ट्रक भोंगे वाजवत जात होते.

"आत्या, हे काय?"

"काय म्हणजे? संक्रांत झाली, रथसप्तमी व्हायच्ये. सून दारावरून जात्ये आणि हळदीकुंकू न घेता, वाण न घेता जाईल?"

"अगं, ती सायकलवर आहे."

"मग? कपाळ घरी ठेवून आल्ये का?"

मला हे सगळं फार गोड वाटलं. मी केळीसुद्धा काढून ठेवली.

सव्वाअकराच्या सुमाराला अनघा आली. लांबून तिला आत्या दिसली असावी, कारण तिची लय पहिल्यांदा बिघडली. आमच्याकडे सासरची वडीलधारी बाई रस्त्यात उभी असताना बाजूने निघून जाण्याची सोय नाही. तिने ब्रेक दाबले, एक पाय टेकला आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "अहो."

एरवी ती मला 'अभय' म्हणते आणि 'तू' म्हणते. 'अहो' फक्त दोन प्रसंगी येतं, पूजेला बसल्यावर आणि माझी धडगत नसल्यावर. इथे पूजेचं सामान मांडलेलं असल्यामुळे माझा गोंधळ झाला.

"आत्या, नमस्कार करते आणि निघते. मला थांबता येत नाही."

"एक मिनिट गो. मान खाली कर." हळद लागली, कुंकू लागलं, अत्तर लागलं. मग आत्याने ओटीचं घेतलं आणि ती थबकली. पदरच नव्हता. तिने अनघाला भोवरा फिरवावा तसं वळवलं, तर सदऱ्याला पाठीवर तीन खिसे. "अगो बाई, खिसे!" आत्या हरखली. "शेवटी कोणीतरी दिले म्हणायचे बायकांना!" आणि मधल्या खिशात नारळ, डावीकडे तांदूळ-खण, उजवीकडे डबी.

"आत्या, नको, मला—" अनघाने बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्यात तिळाचा लाडू गेला.

नेमक्या त्याच क्षणी चौहान सरांची मोटारसायकल येऊन थांबली.

"ये क्या चल रहा है?"

मी छाती पुढे काढून म्हणालो, "मेरी बुआ हैं सर. घर से पूरी तैयारी है. गाड़ी में केले भी हैं, ठेपले भी हैं, पंप भी है."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मुख्याध्यापकाने पालकांकडे बघावं तसं. "चौकी तो तिरला में है भाईसाहब. बारह किलोमीटर आगे. बीच रास्ते में घरवालों से एक दाना नहीं ले सकते. सुबह पढ़कर सुनाया था. आपने हाथ भी उठाया था."

गाडीच्या खिडकीतून सईचा आवाज आला. तिला मराठी वाचायचा कंटाळा, पण हिंदी ती घडाघडा वाचते. फ्रिजवरचा कागद तिने येताना उचलून आणला होता. "पप्पा, इसमें तिरला ही लिखा है. मोटे अक्षरों में. धारचं तर नावच नाही."

अनघाच्या गालात लाडू तसाच होता. ती तो चावतही नव्हती आणि थुंकतही नव्हती, कारण समोर आत्या होती.

आत्याने सरांपुढे ताट केलं. "आधी हा घ्या. मग काय ते बोला."

सरांनी लाडू घेतला. अख्खा खाल्ला. मिशी पुसली. मग खिशातून पेन काढलं. "लड्डू गजब का है माताजी. एक घंटा काटना पड़ेगा." त्यांनी अनघाच्या कार्डावर लिहिलं आणि सही केली. "पहली गलती, एक घंटा. दूसरी गलती, कार्ड जमा."

"म्हणजे साडेसात नाही, साडेसहा," अनघा म्हणाली. लाडू गिळला, पेडलवर पाय ठेवला आणि ती गेली. पाठीवरच्या मधल्या खिशात नारळ हलत होता.

माझ्या आत्याने, माझ्या बोलावण्यावरून, माझ्या बायकोचा एक तास खाल्ला होता. मी तिथल्या मैलाच्या दगडावर बसलो. आत्या म्हणाली, "उन्हात बसू नकोस."

तिरला

तिरला म्हणजे शेतांमधलं गाव. रस्त्याला लागून थोडी दुकानं, कडुलिंबाखाली एक टेबल, त्यावर शिक्का. इथे मदत करायला परवानगी होती, पण आता माझी हिंमत होईना. मी केळी धरून लांब उभा राहिलो. अनघा आली, शिक्का घेतला आणि सतरंजीवर बसली. खिशातून नारळ काढून माझ्या हातात दिला. ओटीचा नारळ रस्त्यात टाकता येत नाही, म्हणून बारा किलोमीटर तिने तो पाठीवर वाहिला होता.

लांबच्या टेकाडांवर पवनचक्क्या होत्या. त्यांची तोंडं ज्या दिशेला वळलेली होती, तिकडेच देवास होतं. म्हणजे परतीचे शंभर किलोमीटर वारा तोंडावर.

"अनघा, मी—"

"बस खाली." तिने दोन केळी खाल्ली. "आता तू सरळ देवासला जा. वाटेत कुठे दिसू नकोस."

"आणि काही झालं तर?"

"काय होईल?"

"पंक्चर होईल."

"काढता येतं."

"चक्कर आली, ट्रक आला, कोणी त्रास दिला…"

"अभय," ती म्हणाली. केळ्याचं साल घडी करून तिने बाजूला ठेवलं. "सईला ताप नव्हता."

मागे चौहान सर कोणाच्या तरी कार्डावर धाडकन शिक्का मारत होते, आणि तेवढाच आवाज मला ऐकू येत होता.

"आईंनी त्याच संध्याकाळी सांगितलं. म्हणाल्या, पोर भुकेलं होतं आणि हा घाबरला."

"नऊ वर्षं… काही बोलली नाहीस?"

"तुझ्यावर दोन दिवस चिडले होते. माझ्यावर अजून चिडलेली आहे. आईंना एक फोन करून विचारलं असतं तर कळलं असतं. मी विचारलंच नाही. टेम्पो दिसला आणि बसले. मलाही थकवा आला होता, आणि तू कारण दिलंस." तिने शिरस्त्राण बांधलं. "आज मला कारण देऊ नकोस. एवढीच मदत कर."

ती गेली. नऊ वर्षं मी एक गुपित सांभाळत होतो आणि घरातल्या दोन्ही बायका मला ते सांभाळू देत होत्या. याचं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही.

पुन्हा धार, पुन्हा बेटमा

सरळ देवासला जायचं होतं, पण आत्याला टाळून धार ओलांडणं मला जमलेलं नाही. गूळपोळ्या तयार होत्या. बायको वाऱ्याशी झुंजत असताना मी पाटावर बसून तुपात बुडवलेल्या चार पोळ्या खाल्ल्या. दुःखाने माणूस जास्त खातो.

"माझ्यापायी तास गेला ना तिचा?" आत्या तूप वाढताना म्हणाली. "पण पुरं करील ती. बायकांचा तास असाच जातो, पाहुण्यांपायी, सणापायी. उरलेल्यात बसवायची सवय असत्ये आम्हांला."

निघायला अडीच वाजले. साडेतीनच्या आधी बेटमा जवळ आलं आणि डाव्या हाताला, हरभऱ्याच्या शेताच्या कडेला, मला पिवळा सदरा दिसला. सायकल उलटी. मागचं चाक बाहेर. अनघा मातीत बसलेली, हात कोपरापर्यंत काळे.

"पप्पा, रोको! मम्मीचं टायर निघालं!"

माझा पाय ब्रेकवर गेला. मग तो उचलला. मी थांबलो नाही. तिच्या बाजूने, दहा हातांवरून, गाडी पुढे नेली. सई मागून माझ्या खांद्यावर बुक्क्या मारत होती. "आप गंदे हो! मम्मी अकेली है!" आयुष्यात मी पुष्कळ मूर्खपणा केला आहे, पण त्या शहाणपणाइतका कुठलाच जड गेला नाही.

पुढे एका पेरूवाल्याच्या हातगाडीमागे मी गाडी घातली. तिथून सगळं दिसत होतं. अनघाने नवी ट्यूब घातली, छोट्या पंपाने हवा भरली, चाक दाबून पाहिलं. पुन्हा बसलं. तिने सगळं परत उसवलं. टायरच्या आतून बोट फिरवू लागली, तव्यावर भाकरी फिरवावी तसं, सावकाश. मला कळलं, काटा आत राहिलाय. माझ्या डिकीत मोठा पंप होता. चार दणक्यांत हवा भरणारा.

तेवढ्यात एक टेम्पो तिच्यापाशी थांबला. ड्रायव्हरने मान बाहेर काढून काहीतरी विचारलं, मागच्या रिकाम्या जागेकडे हात केला. अनघा टेम्पोकडे बघत राहिली. फार वेळ. मी दाराची खिट्टी ओढली.

"पप्पा," सई म्हणाली. मघाशी बुक्क्या मारणारी तीच ही. कागद तिच्या मांडीवर होता. "दूसरी गलती पर कार्ड जमा होता है."

मी एक पाय बाहेर ठेवून तसाच बसलो.

अनघाने टेम्पोवाल्याला हात हलवला. टेम्पो गेला. ती परत टायरवर वाकली आणि एकदम तिचे हात भराभर चालायला लागले. काटा काढून फेकला, दुसरी ट्यूब घातली, पंप असा मारला की खांदे हलताना इथून दिसत होते. सगळं मिळून बावीस मिनिटं. पेरूवाला मध्येच म्हणाला, "लेना है कि सिर्फ पार्किंग करनी है?" मी दोन किलो पेरू घेतले.

ती आमच्या बाजूने गेली. इकडे पाहिलं नाही.

देवास, सूर्यास्त

पावणेसहाला आम्ही त्याच ढाब्याच्या अंगणात उभे होतो. एकेक जण येत होता. तरुण मुलं, दाढीवाले डॉक्टर, एक प्राध्यापक. सगळे वाऱ्याला शिव्या देत होते. सूर्य गेला. सहा दहा झाले. सहा वीस. चौहान सर टेबलावर घड्याळ आडवं ठेवून बसले होते आणि आमच्याकडे बघत नव्हते. मी तोपर्यंत आठ पेरू खाल्ले होते.

"आ गई!" सई किंचाळली.

एक दिवा वळणावरून आला. ओठांवर मिठाचे पांढरे थर, कपाळावर हळदीकुंकवाचा ओघळ थेट नाकापर्यंत. तिने कार्ड टेबलावर ठेवलं. सरांनी वेळ लिहिली, त्यात एक तास मिळवला, आणि शिक्का मारला.

सहा वाजून चोवीस मिनिटं. तास धरून सात चोवीस.

"मैडम," सर म्हणाले, "लड्डू ने तो मरवा ही दिया था." ती हसली, आणि हसता हसता तिच्या पोटऱ्यांत गोळे आले. तिला धरून मी फरशीवर बसवलं. सई तिच्या काळ्या हातांना चिकटून बसली.

"बेटम्याला थांबला नाहीस," अनघा म्हणाली.

श्रेय आयतं समोर आलं होतं. मी 'हो' म्हणालो असतो तर संपलं असतं. पण तो एक खोटा ताप नऊ वर्षं पुरला होता.

"थांबलो होतो," मी म्हणालो. "पुढे, पेरूवाल्याच्या मागे. बावीस मिनिटं."

"माहीत आहे. हातगाडीमागे मोटार लपत नाही रे. दार उघडून एक पाय बाहेर ठेवलास, तेही दिसलं."

"मग?"

"मग काय! तू पंप घेऊन धावत येशील या भीतीने मी जीव तोडून चाक लावलं. नाहीतर आरामात अजून दहा मिनिटं घेतली असती."

अखेरीस सहा मिनिटं शिल्लक राहिली होती. त्या सहा मिनिटांत माझा वाटा केवढा आहे हे मी आता दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला, तपासणीच्या काचा त्याच्या नाकावर ठेवून, म्हणजे त्याला उठून जाता येत नसताना, सविस्तर सांगतो.